लेझर मशीनचा बेड लेव्हल करणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नेमप्लेट, ट्रॉफी, लग्नपत्रिका, गणपतीत एमडीएफची मखरं, असली कामं आम्ही ९०० बाय ६०० मिमीच्या सीओटू (कार्बन डायऑक्साइड वायूच्या) लेझरवर करतो. नवीन मशीन घेतलेली मंडळी अडली की फोन करतात, आणि बोलता बोलता गाडी बहुतेक वेळा बेडवर, म्हणजे जॉब (कापायचा किंवा कोरायचा माल) ठेवतात त्या टेबलावर, येऊन थांबते. तेच ते प्रश्न इथे एकत्र लिहून ठेवले आहेत.

बेडवर पाणसळ ठेवली तर बुडबुडा बरोबर मधे येतो. तरी डावीकडे अॅक्रिलिक कापलं जातं आणि उजवीकडे राहतं. असं कसं?

पाणसळ जमिनीचं सांगते, आणि लेझरला जमिनीशी काही देणंघेणं नसतं. त्याला एवढंच हवं असतं की हेड कुठेही गेलं तरी लेन्स आणि जॉब यांच्यातलं अंतर तेच राहावं. हेड, म्हणजे लेन्स आणि तिच्याखालचं नोझल (किरण बाहेर पडायचं तोंड) असलेला भाग, रेल्सवरून फिरतं. त्या रेल्स डावीकडून उजवीकडे २ मिमी चढत असतील आणि बेड मात्र गवंड्याने फरशी बसवावी तसा सपाट असेल, तर उजव्या टोकाला जॉब फोकसपासून २ मिमी लांब गेला. बुडबुडा मधेच राहणार. उलट अख्खं मशीन उतारावर उभं असलं तरी बेड आणि रेल्स एकमेकांना समांतर असतील तर काम चोख होतं. ‘लेव्हल’ हा शब्दच इथे घात करतो. ‘समांतर’ म्हणायला हवं, पण बाजारात सगळे लेव्हलच म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणतो.

मी स्वतः यात दोन दिवस घालवले आहेत. शाळेच्या बक्षिसांची ३ मिमी अॅक्रिलिकची पदकं होती. डावीकडचं पदक कापून झालं की खाली ट्रेमध्ये ‘टक्’ असा आवाज व्हायचा. उजवीकडे आवाजच नाही, तुकडे शीटला चिकटलेले. मी पॉवर वाढवली. उजवीकडची पदकं सुटली, पण डावीकडच्यांच्या कडा पिवळट झाल्या. मग लेन्स पुसली, किरण वळवून लेन्सपर्यंत आणणारे आरसे पुसले, आरसे परत लावले. प्रत्येक वेळी पाणसळ ठेवून खात्री करत होतो की बेड तरी बरोबर आहे. शेवटी हाताखालचा मुलगा म्हणाला, “दादा, नोझलखाली बोट घालून बघा ना, इकडे जातंय आणि तिकडे अडतंय.” जवळपास अडीच मिमीचा फरक होता.

मग पाणसळ फेकून द्यायची का?

नाही. ती बेडला लावू नका, मशीनच्या सांगाड्याला लावा. फरशी एका कोपऱ्यात खचलेली असली की चार पायांवरचा सांगाडा पिळला जातो आणि सोबत रेल्सही पिळल्या जातात. मशीन चाकांवर उभं असेल तर आधी पायांचे बोल्ट खाली घेऊन वजन त्यांच्यावर आणा आणि एकही पाय अधांतरी नाही ना, ते बघा. मगच बेडला हात लावा. मशीन एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीला सरकवलं तरी हे परत करावं लागतं.

बेड किती तिरका असला तरी चालतो?

ते लेन्सवर अवलंबून आहे. सीओटू लेझरची तरंगलांबी १०.६ मायक्रॉन. साधारण ६ मिमी जाडीचा किरण २ इंची म्हणजे ५०.८ मिमीच्या लेन्समधून गेला की हिशेबाने फोकसला ०.११ मिमीच्या आसपास ठिपका मिळतो आणि वर-खाली १ मिमीपर्यंत तो फारसा पसरत नाही. दीड इंची लेन्सला ठिपका बारीक मिळतो, पण ही सवलत अर्ध्या मिमीवर येते. ४ इंची लेन्सला ठिपका जाडा, पण जवळपास ४ मिमी इकडेतिकडे झालं तरी ती सांभाळून घेते. लेन्सचं फोकल अंतर दुप्पट झालं की ही सवलत चौपट होते, एवढं डोक्यात ठेवलं की पुरे.

२ इंची लेन्सवर मी स्वतः चारही कोपऱ्यांत मिळून अर्ध्या मिमीच्या आत फरक ठेवतो. मटेरियलही थोडं वाकडं असतं आणि फोकस लावतानाही थोडी चूक होते, सगळी सवलत बेडनेच खाऊन टाकली तर त्यांना काय उरणार? फक्त एमडीएफ कापत असाल तर १ मिमीलाही कोणी विचारणार नाही. फोटो कोरायचा असेल, किंवा बारीक अक्षरांचे शिक्के करत असाल, तर मात्र ०.३ मिमीच्या मागे लागा. त्याच्याही पुढे जाऊन ०.०५ साठी दिवस घालवणारे लोक मी पाहिलेत. त्यांच्या हनीकोंबचीच (बेडवरच्या मधाच्या पोळ्यासारख्या जाळीचीच) उंची एका खणापासून दुसऱ्या खणापर्यंत तेवढी बदलत असते.

दोष बेडचा आहे की आरशांचा, हे कसं ओळखायचं?

दोन्हींची लक्षणं सारखी दिसतात, म्हणून गोंधळ होतो. एका कोपऱ्यात कापत नाही, तिथली रेघ जाड येते. आधी आरसे तपासा. नोझलच्या तोंडावर मास्किंग टेपचा तुकडा लावा, झाकण बंद करा, अगदी कमी पॉवरवर एक छोटा पल्स द्या. असं चारही कोपऱ्यांत करा, दर वेळी टेप नवा. चारही ठिकाणी जळाल्याचा डाग नोझलच्या मधोमध पडत असेल तर किरण सरळ येतोय. मग बेडवर संशय घ्या. डाग एखाद्या कोपऱ्यात बाजूला सरकत असेल तर बेडला हात लावू नका, आधी आरसे.

दुसरी खूण पॉवरची. आरसे चुकले असतील तर नोझलच्या आत किरण घासतो आणि तिथे पोचणारी पॉवरच कमी होते. अशा वेळी त्या कोपऱ्यात फोकस हाताने नीट लावून दिला तरी काम सुधारत नाही. बेड चुकला असेल तर त्याच कोपऱ्यात पुन्हा फोकस लावा, काम लगेच सुधारतं. माझ्या मते ही सगळ्यात स्वस्त तपासणी आहे, दोन मिनिटं लागतात.

कापलेली कड तिरकी येते. बेड तिरका असल्यामुळे ना?

जवळजवळ कधीच नाही. हिशेब करून बघा. ९०० मिमी लांबीत बेड ३ मिमी चढतोय असं धरा, हा भरपूर झाला. ६ मिमी जाडीच्या अॅक्रिलिकमध्ये त्यामुळे कड फक्त ०.०२ मिमी तिरकी होईल. डोळ्याला दिसणारी तिरकी कड येते ती किरण लेन्सच्या मधून खाली न पडता कलून पडतो म्हणून, किंवा लेन्स तिच्या जागी वाकडी बसली आहे म्हणून. आणि थोडासा निमुळतेपणा जाड मटेरियलमध्ये सगळ्यांनाच मिळतो, कारण किरण फोकसच्या खाली परत पसरत जातो.

मोजायचं कसं? माझ्याकडे डायल गेज नाही.

डायल गेज म्हणजे उंचीतला बारीक फरक काट्याने दाखवणारं मापक. नसलं तरी चालतं. मशीनसोबत अॅक्रिलिकचा एक फोकसचा तुकडा येतो, तो नोझल आणि जॉबच्या मधे धरून फोकस लावतात. तोच तुकडा आणि फिलर गेज (ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांचा जुडगा) एवढं पुरतं. फिलर गेज दुचाकीच्या गॅरेजवाल्याकडे असतंच. तेही नसेल तर ए४ कागदाच्या पट्ट्या घ्या, नेहमीच्या झेरॉक्सच्या कागदाची जाडी ०.१ मिमीच्या आसपास असते.

लेझर बंद करा. म्हणजे नुसतं पॉज नाही, लेझरचा स्विच बंद, आणि शक्य असेल तर मोटरही सोडून द्या म्हणजे हेड हाताने सरकवता येतं. हनीकोंब ब्रशने झाडून घ्या. एक अडकलेला अॅक्रिलिकचा दाणा अख्खं माप चुकवतो. आता बेडवर कापायची शीट ठेवून मोजू नका, कारण शीट स्वतः वाकडी असू शकते. ५ मिमी काचेचा साधारण ६ इंची चौकोनी तुकडा घ्या, काच छान सपाट असते. कडा मात्र घासून घ्या. तो तुकडा पाठीमागच्या डाव्या कोपऱ्यात ठेवा, हेड त्याच्यावर आणा आणि फोकसचा तुकडा अलगद घासून सरकेल एवढा बेड वर घ्या. ढकलावा लागता कामा नये आणि सैलही पडता कामा नये. तो ‘घासून सरकण्याचा’ अंदाज हाताला लक्षात ठेवू द्या.

आता बेडची उंची अजिबात न बदलता काच आणि हेड दोन्ही एकेक करून बाकीच्या कोपऱ्यांत न्या. फोकसचा तुकडा सैल जात असेल तर त्याच्याखाली कागद किंवा फिलरची पाती घालत जा, तोच अंदाज येईपर्यंत. जितकी पाती लागली तितका तो कोपरा खाली आहे. तुकडा शिरतच नसेल तर तो कोपरा वर आहे. मग सगळ्यात उंच कोपऱ्यापासून सुरुवात करून परत मोजा, सगळे आकडे एकाच दिशेचे मिळतात. चार कोपरे, चार कडांचे मध्य आणि एक बेडचा मध्य, असे नऊ आकडे कागदावर बेडचं चित्र काढून त्या त्या जागी लिहा. नुसते कोपरे मोजून थांबू नका, मधला आकडा पुढे लागणार आहे.

डायल गेज असेल तर ते हेडवर पक्कं बसवा आणि काचेवरून फिरवा. हेडवर बसवताना क्लॅम्पच्या वजनाने हेड झुकत नाही ना, ते बघा.

आकडे मिळाले. आता कोणता स्क्रू किती फिरवायचा?

खालून वाकून बघा. बहुतेक मोटरवाल्या बेडला चार कोपऱ्यांत चार उभे स्क्रू असतात आणि एकच बेल्ट किंवा चेन चौघांना फिरवते. मोटर चालू केली की चौघे एकदम फिरतात, म्हणून बटणाने कोपरा कधीच दुरुस्त होत नाही. ज्या कोपऱ्याचं दुखणं आहे त्याच स्क्रूला बाकीच्यांपासून वेगळं करून फिरवावं लागतं.

काही मशीनमध्ये बेड प्रत्येक कोपऱ्यात बोल्ट आणि चेक नटवर (मुख्य नट हलू नये म्हणून त्याला लावून आवळलेल्या दुसऱ्या नटवर) बसलेला असतो. तुमचं नशीब चांगलं. चेक नट सैल करा, नट फिरवा, चेक नट आवळा. आवळताना मुख्य नट पान्याने धरून ठेवा, नाहीतर आवळता आवळता केलेलं सगळं माप जातं.

तसं नसेल तर बेल्टवालं काम. उदाहरण घेऊ. तीन कोपरे ०.२ मिमीच्या आत आहेत आणि पुढचा उजवा १.४ मिमी खाली आहे. स्क्रूची एका फेऱ्यातली चढण आधी मोजा: पुलीवर मार्करने खूण करा, बेड बरोबर दहा फेरे वर घ्या, उंचीतला फरक मोजून दहाने भागा. समजा ४ मिमी आली आणि पुलीला २० दात आहेत. म्हणजे एक दात म्हणजे ०.२ मिमी, आणि तुम्हाला सात दात हवेत. चारही पुल्यांवर आणि बेल्टवर मार्करने एकमेकांसमोर खुणा करा. ही पायरी गाळली की नंतर डोक्याला हात लावून बसायची वेळ येते. मग बेल्टचा ताण देणारी पुली सैल करा, बेल्ट फक्त पुढच्या उजव्या पुलीवरून उतरवा, ती पुली हाताने सात दात फिरवा, बेल्ट परत चढवा, ताण द्या. दिशा चुकली तर कोपरा २.८ मिमी खाली गेलेला सापडेल. घाबरू नका, चौदा दात उलटे फिरवा.

पुली स्क्रूवर ग्रब स्क्रूने (बिनडोक्याच्या बारीक आडव्या स्क्रूने) बसवलेली असेल तर बेल्टला हात न लावता तो ग्रब स्क्रू एलन कीने सैल करून नुसता उभा स्क्रू फिरवता येतो. दाताचं बंधन राहत नाही, हवं तेवढं बारीक जमतं. चेनवाल्या मशीनला दात मोठे असतात. १२ दातांचं चक्र आणि ४ मिमीची चढण असेल तर एक दात म्हणजे ०.३३ मिमी. त्याहून बारीक हवं असेल तर बेडखाली पातळ वॉशर किंवा पत्र्याचं पॅकिंग द्या. कोल्ड्रिंकच्या कॅनचा पत्रा कापून दिलेलं पॅकिंग आमच्या एका मशीनमध्ये अजून आहे.

दर फेरीनंतर बेड १०-१५ मिमी खाली घ्या आणि मग वर आणून मोजा. शेवटची हालचाल नेहमी वरच्या दिशेने. स्क्रू आणि नटमध्ये थोडी ढिलाई असतेच, आणि एकदा वरून, एकदा खालून आलात तर आकडे तुमच्याशी लपंडाव खेळतात.

तीन कोपरे जमतात, चौथा जमवला की आधीचा बिघडतो. काय करू?

तिवई कधी डगडगत नाही, चौरंग डगडगतो. तीन टेकू असले की पृष्ठभाग आपोआप ठरतो, चौथा टेकू आला की तो एकतर अधांतरी राहतो किंवा बाकीच्यांशी भांडतो. म्हणून तीन कोपरे एकमेकांशी जुळवा आणि चौथ्याला शेवटी हात लावा. चौथा तरीही एखादा मिमी राहतच असेल तर एकतर बेडची चौकट पिळलेली आहे, नाहीतर रेल्स. कोणती ते ओळखायला बेडवर कर्णाच्या दिशेने दोन दोरे ताणा, चारही टोकं चौकटीपासून सारख्या उंचीवर. मधे दोरे एकमेकांना जेमतेम टेकत असतील तर चौकट सरळ आहे. फट पडत असेल तर चौकट पिळलेली. एक दोरा दुसऱ्याला खाली दाबत असेल तर दोऱ्यांची वरखाली अदलाबदल करून बघा, तेव्हा फट दिसेल. सुताराकडून शिकलेली ही युक्ती आहे, पलंगाची चौकट ते अशीच तपासतात.

चौकट सरळ आणि तरीही फरक, म्हणजे रेल्स. परत पायांच्या बोल्टकडे जा. दहा वेळा तरी असं झालंय की एक पाय अर्धा फेरा वर घेतला आणि चौथा कोपरा आपोआप जागेवर आला.

चारही कोपरे बरोबर आहेत, पण मधे फोकस जातो.

हनीकोंब मधे खचलंय. अॅल्युमिनियमचं पातळ हनीकोंब जड लाकूड किंवा दगडाच्या फरश्या ठेवून ठेवून झोल धरतं. स्क्रू फिरवून हे जाणार नाही. पहिला उपाय फुकटचा: हनीकोंब उलटं करून टाका. कायमचा उपाय म्हणजे मधोमध खालून आडव्या पट्टीचा आधार. फक्त पट्टी किरणाच्या वाटेत येते, तिथे परावर्तनाचे डाग पडतील, म्हणून पट्टी उभी ठेवा, कड वरच्या बाजूला. जड कामासाठी आम्ही हनीकोंब काढून सरळ पट्ट्यांचा बेड लावतो.

साफ करताना कॉस्टिक सोड्यात हनीकोंब बुडवू नका. एमडीएफची काळी राळ निघते हे खरं, पण कॉस्टिक अॅल्युमिनियमही खातं आणि त्यातून हायड्रोजन सुटतो. गरम पाणी, भांड्यांचा साबण आणि ब्रश. वेळ लागतो.

ऑटोफोकस आहे. मग हे सगळं कशाला?

ऑटोफोकसची पिन जॉबला एका जागी टेकते आणि तिथली उंची बरोबर लावते. दोन फूट लांब काय चाललंय, हे तिला माहीत नसतं. लहान जॉब असेल तर तिचं बरोबर. अख्ख्या शीटवर काम असेल तर बेड सरळच लागतो.

बेड जमवला होता, महिनाभरात परत गेला.

बेल्ट सैल असेल तर जड शीट वर घेताना एखादा दात सुटतो, आणि सुटतो तो बहुतेक एकाच कोपऱ्यात. ग्रब स्क्रू सैल झालेला असतो. उभ्या स्क्रूवर राख आणि राळ बसून एका कोपऱ्यात बेड अडतो. हनीकोंब काढून परत ठेवताना खाली कचरा राहतो. आणि सगळ्यात जास्त वेळा: कुणीतरी खाली घ्यायच्या ऐवजी बेड वर घेऊन नोझलवर आपटवला, आणि ते सांगितलं नाही. मार्करच्या खुणा ठेवल्या असतील तर एका नजरेत कळतं कोणती पुली सरकली.

पावसाळ्यात सगळंच बिघडल्यासारखं वाटतं.

त्यात बेडचा दोष नसतो. ३ मिमी प्लायवूड दमट हवेत पापडासारखं वळतं. शीट आडवी, वजनाखाली, प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवा. कापताना कडा दाबून धरायला अॅक्रिलिकच्याच पिना कापून हनीकोंबच्या खणात खोचा, डोकं नोझलच्या खाली राहील एवढं बुटकं ठेवा. चुंबक वापरायचे असतील तर आधी बघा बेड लोखंडी आहे का, अॅल्युमिनियमवर चुंबक धरत नाही.

छोट्या मशीनचं काय?

के-४० प्रकारच्या छोट्या सीओटू मशीनमध्ये बेड वर-खाली होतच नाही. मूळ क्लॅम्प काढून चार बोल्टांवर स्वतःचा बेड बसवा, तोच सोपा मार्ग. उघड्या चौकटीच्या डायोड मशीनला बेड म्हणजे तुमचं टेबल. चौकट आणि बेड एकाच जाड एमडीएफवर स्क्रूने पक्के करा. फायबर मार्किंग मशीनमध्ये हेड फिरत नाही, तिथे जॉब लेन्सला समांतर आहे का एवढंच पाहायचं.

चालू मशीनमध्ये हात घालून जमवलं तर?

नको. सीओटू ट्यूबच्या वीजपुरवठ्यात वीस हजार व्होल्टच्या वर दाब असतो आणि किरण डोळ्याला दिसत नाही. बेडखाली हात असताना कुणी बटण दाबलं तर बोट स्क्रू आणि पुलीत सापडतं. आम्ही प्लग काढून खिशात ठेवतो. प्लग खिशात असताना मशीन चालू होत नाही.

किती दिवसांनी तपासायचं?

आम्ही दर सोमवारी सकाळी एका भंगार शीटवर चार कोपऱ्यांत आणि मधे एकेक बारीक चौकोन काढतो, त्याच वेगाने, त्याच पॉवरवर. पाचही चौकोनांच्या रेघा भिंगातून सारख्या दिसल्या की काम सुरू. एखादी जाड दिसली तर काचेचा तुकडा बाहेर काढतो. त्या पट्ट्या तारीख टाकून भिंतीवर खिळ्याला अडकवलेल्या आहेत, गेल्या पावसाळ्यापासूनच्या.